अँबॅसेडरच्या इंजिनातली टकटक: टॅपेट मारूनही परत का येते आणि शोध कुठून सुरू करायचा

जुनी अँबॅसेडर बाळगणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते: "टॅपेट सेट करून आणले, महिना-दोन महिने बरं गेलं, आता परत टकटक सुरू." (टॅपेट सेट करणं म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारी तरफ, म्हणजे रॉकर, यांच्यातली फट ठरवणं.) या गाड्यांवर मी बरीच वर्षं हात काळे करतोय, आणि या एका आवाजापायी जेवढी इंजिनं विनाकारण उघडली गेली तेवढी दुसऱ्या कशापायी गेलेली पाहिली नाहीत. याच्या उलटही होतं. बिग एंडचा (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगचा) ठोका पडत असताना "टॅपेटच आहे, चालू द्या" असं म्हणत गाडी पळवली जाते आणि क्रँक (पिस्टनांनी फिरणारा मुख्य दांडा) हातचा जातो. म्हणून आवाज नीट ओळखल्याशिवाय पाना उचलू नये, एवढाच माझा आग्रह आहे. ओळखायला लागणारी बहुतेक तपासणी फुकटात होते.

खालचं सगळं १४८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनाबद्दल आहे. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं हे बी-सिरीज इंजिन. पुशरॉडवर (उभ्या काड्यांवर) चालणारे व्हॉल्व्ह, बाजूला कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), क्रँकला तीन मेन बेअरिंग. एमजीए आणि एमजीबी याच घराण्यातल्या, त्यामुळे त्यांची मॅन्युअलं आणि त्या गाड्यांवर काम केलेल्यांचा अनुभव आपल्यालाही उपयोगी पडतो. इसुझूचं १८०० सीसी इंजिन असलेली नंतरची अँबॅसेडर असेल तर तिचा कॅम वर हेडमध्ये आहे, तिथे हे जसंच्या तसं लागू होणार नाही. डिझेलचीही गोष्ट वेगळी.

आधी लक्षणं लिहून काढा

दोन दिवस गाडी चालवा आणि कागदावर टिपा. आवाज थंड इंजिनला येतो की गरम झाल्यावर? आयडलला, रेस देताना, चढावर, की अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर? क्लच दाबला की बदलतो का? इंजिनच्या फेऱ्यांबरोबर वाढतो की गाडीच्या वेगाबरोबर? गाडी न्यूट्रलला टाकून उतारावर सोडली आणि आवाज चाकांबरोबरच येत राहिला, तर तो इंजिनाचा नाहीच. प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस किंवा चाकाचं बेअरिंग बघा आणि बॉनेट बंद करा.

माझ्या अनुभवात आवाज साधारण असे भेटतात:

- हलकी, एकसारखी टिकटिक, वरच्या बाजूने, आयडलला स्पष्ट: टॅपेट, रॉकर, क्वचित पेट्रोल पंपाचा लिव्हर.
- थंड असताना फस्-फस् मिसळलेली टकटक, पाच-दहा मिनिटांत कमी होणारी: एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गॅस्केट.
- घरघर किंवा खरखर, पुढच्या बाजूने: वॉटर पंप किंवा डायनॅमोचं बेअरिंग.
- साखळी घासल्यासारखी खडखड, पुढूनच, इंजिन बंद करताना जास्त: टायमिंग चेन.
- चढावर जोर देताना खडे हलवल्यासारखा कडकड आवाज: इग्निशन टायमिंग पुढे गेलंय.
- थंड असताना पोकळ खटखट, गरम झाल्यावर जाणारी: पिस्टन बोअरमध्ये हलतोय.
- जड ठकठक, पायाखालच्या पत्र्यातून जाणवणारी, लोडवर वाढणारी: बिग एंड किंवा मेन बेअरिंग.

शेवटचा प्रकार तुमच्या कागदावर असेल तर इथेच थांबा. गाडी चालू करू नका, चालवत गॅरेजला नेऊही नका, टोइंग मागवा. बेअरिंगचा शेल (आतलं पातळ अस्तर) घासला गेलाय तोवर काम शेल बदलून भागू शकतं. तसंच दामटत राहिलात तर क्रँकच्या जर्नलवर (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर) चरे पडतात आणि मग क्रँक ग्राइंड करून अंडरसाइज शेल घालणं आलं. त्याच्याही पुढे कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो, आणि आता चांगला ब्लॉक मिळवणं सोपं राहिलेलं नाही. उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ मध्ये बंद झाला. तेव्हापासून आपण सगळे भंगारात निघालेल्या गाड्यांवर आणि उरलेल्या साठ्यावर चालतोय.

पहिली तपासणी: ऑइलची पट्टी

गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटं झाल्यावर पट्टी काढा, पुसा, परत घाला, बघा. लेव्हल कमी असेल तर वरपर्यंत ऑइल कमी पोचतं आणि रॉकर आधी ओरडतात. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण लेव्हल वाढलेलीही असू शकते, आणि ती बघून खूश होणारे लोक मी पाहिलेत. इंजिन ऑइल बनवत नाही. या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनच्या अंगाला बसवलेला, कॅमशाफ्टवर चालणारा. त्याचा डायाफ्राम फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळच्या ऑइलच्या टाकीत, उतरतं. ऑइल पातळ होतं, प्रेशर पडतं, आणि टकटक सुरू होते. पट्टी नाकाशी धरा. पेट्रोलचा वास आला तर टॅपेटला हात लावू नका. पंप दुरुस्त करा, ऑइल आणि फिल्टर बदला, मग परत ऐका. आता पंपांवर सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि जुन्या प्रकारच्या रबराला इथेनॉल मानवत नाही. डायाफ्राम बदलताना इथेनॉल सोसणारा मागा, आणि रबरी पाइपही त्याच वेळी बदला.

पट्टीवरचं ऑइल दोन बोटांत चोळून उजेडात धरा. चमकणारी बारीक कणी दिसली तर कुठलं तरी बेअरिंग झिजतंय. दुधट, कॉफीच्या रंगाचं झालं असेल तर पाणी मिसळतंय. दोन्हीत पुढची तपासणी घरी करायची नाही.

ऑइल कुठलं घातलंय हेही विचारा, विशेषतः गाडी नुकतीच विकत घेतली असेल किंवा सर्व्हिसला दिली असेल तर. या इंजिनला २०डब्ल्यू-५० जाडीचं साधं मिनरल ऑइल हवं. नव्या गाड्यांचं ५डब्ल्यू-३० सिंथेटिक "महागाचं, चांगलं" म्हणून कुणी प्रेमाने घातलं की जुन्या, सैल झालेल्या बेअरिंगांतून ते पाण्यासारखं वाहून जातं आणि गरम झाल्यावर प्रेशर उरत नाही. ऑइल बदलून आवाज गेला, असं माझ्यासमोर अनेकदा झालंय.

दुसरी: सैल काय आहे ते हाताने बघा

इंजिन बंद, थंड. एअर क्लीनर धरून हलवा. डायनॅमोचं ब्रॅकेट, हॉर्नचं ब्रॅकेट, बॅटरीचा ट्रे, सायलेन्सरच्या पाइपचे क्लँप, सगळं एकेक करून. इंजिन माउंटिंगचं रबर बसलं असेल तर रेस देताना इंजिन कलतं आणि एक्झॉस्ट पाइप बॉडीला ठोकतो. तो ठोका केबिनमध्ये हुबेहूब बिग एंडसारखा ऐकू येतो, आणि मालकाची झोप उडते. दुसऱ्या कुणाला तरी हँडब्रेक ओढून, क्लच अर्धवट सोडून इंजिनला किंचित लोड द्यायला सांगा आणि तुम्ही बाजूला उभे राहून, गाडीच्या समोर अजिबात नाही, इंजिन किती हलतंय ते बघा.

पुढची क्रँक पुली हाताने धरून हलवा. तिचा मोठा नट ढिला झाला तर पुली तिच्या चावीवर (तिला क्रँकला जखडणाऱ्या लोखंडी पाचरीवर) खेळते आणि आयडलला जड ठकठक देते. एक नट घट्ट करण्याच्या कामासाठी पूर्ण इंजिन बांधायला निघालेली माणसं मला भेटली आहेत. तपासायला अर्धा मिनिट लागतो.

तिसरी: फॅन बेल्ट काढून ऐका

डायनॅमोचे बोल्ट ढिले करा, बेल्ट काढा, गाडी चालू करा. आता वॉटर पंप, फॅन आणि डायनॅमो तिन्ही थांबलेत. आवाज गेला तर तो या तिघांत आहे, इंजिनच्या पोटात नाही. वॉटर पंप फिरत नसल्यामुळे एक मिनिटाच्या वर चालू ठेवू नका. मग फॅनचं पातं धरून पुढे-मागे हलवा: खेळ लागला किंवा पंपाच्या खालच्या भोकातून पाणी झिरपल्याचा डाग दिसला तर पंप गेला. डायनॅमोची पुली हाताने फिरवून बघा, खरखर लागली की बेअरिंग किंवा मागचा बुश.

फॅनच्या पात्यांना मुळाशी चीर आहे का तेही बॅटरीच्या उजेडात बघून घ्या. तडकलेलं पातं टिकटिक करतं आणि एक दिवस तुटून रेडिएटरमधून आरपार जातं. चालू इंजिनजवळ वाकताना गळ्यातला गमछा, ओढणी, हातातलं कडं काढून ठेवा. या फॅनला संरक्षक जाळी नाही.

चौथी: मॅनिफोल्ड

एक्झॉस्ट गॅस्केटची गळती ही टॅपेटच्या आवाजाची सर्वात पक्की नक्कल आहे. ओळख अशी की थंड सुरुवातीला जोरात, लोखंड तापून फुगलं की कमी, चढावर परत जास्त. गॅस्केटच्या कडेला काजळीचा काळा पट्टा दिसतो. काही जण गळती शोधायला उदबत्ती धरतात. या इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला आहेत. पेटती उदबत्ती तिथे नेऊ नका. हातभर रबरी पाइप घ्या, एक टोक कानाशी, दुसरं मॅनिफोल्डच्या जोडावरून हळूहळू फिरवा. गळतीवर आलं की कानात फटकाच बसतो. मॅनिफोल्डचे नट आधी इंजिन थंड असताना आळीपाळीने आवळा, मग गॅस्केटचा विचार. जुने स्टड गंजून तुटतात, म्हणून आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

पाचवी: जागा शोधा, वेग मोजा

लांब स्क्रूड्रायव्हर घ्या, मूठ कानामागच्या हाडाला लावा, टोक इंजिनवर एकेका ठिकाणी टेकवा: रॉकर कव्हर, पेट्रोल पंप, टायमिंग कव्हर, ब्लॉकची बाजू, चेंबर. पेट्रोल पंपावर टिकटिक सर्वात मोठी लागली तर लिव्हर किंवा त्याची स्प्रिंग झिजलीय, टॅपेट निर्दोष. लोखंडातून आवाज लांबवर पोचतो, त्यामुळे एका जागी ऐकून निकाल देऊ नका. जास्त-कमी तुलना करत जा.

मग वेग. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. म्हणजे टॅपेट, रॉकर, पुशरॉड, पेट्रोल पंप यांचा आवाज क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा येतो, आणि खालच्या बेअरिंगांचा बहुधा प्रत्येक फेरीला. टायमिंग लाइट असेल तर एक नंबरच्या प्लगवायरला लावा. तो दोन फेऱ्यांत एकदा चमकतो. चमक आणि टिक जोडीने पडत असतील तर शोध वरच्या मजल्यावर. चमकेमागे दोन ठोके पडत असतील तर खाली. कानावर विश्वास नसलेल्यांनी ही चाचणी जरूर करावी.

त्यानंतर सिलिंडर तोडून, म्हणजे एकेकाची ठिणगी बंद करून बघणं. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढा, तिचं टोक ब्लॉकला नीट अर्थ करा, मग चालू करा. तसंच चारही सिलिंडरला. वायर मोकळी लोंबकळत सोडू नका: धक्का तर बसतोच, कॉइलवरही ताण येतो. एखादा सिलिंडर तोडल्यावर ठोका मंदावला किंवा गेला तर त्या सिलिंडरचं बिग एंड किंवा पिस्टन. गजन पिन (पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणारी) सैल असेल तर बहुधा हलका जोडठोका ऐकू येतो. चारही तोडून टिकटिक तशीच्या तशी राहिली तर व्हॉल्व्हचीच भानगड.

क्लच दाबून बघायला विसरू नका. दाबल्यावर नवा आवाज सुरू झाला तर रिलीज बेअरिंग, या गाडीत ते कार्बनचं असतं आणि झिजून संपतं. दाबल्यावर आवाज थांबला तर गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग. दाबल्यावर जड ठोका बदलला तर क्रँकचे थ्रस्ट वॉशर (त्याला पुढे-मागे सरकू न देणारे) झिजलेत, आणि ते काम इंजिन मिस्त्रीचं.

सहावी: टॅपेट, आणि तो परत परत का वाजतो

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण परत येणाऱ्या टकटकीचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

रॉकर कव्हर दोन नटांवर बसलेलं असतं. काढा, कॉर्कची गॅस्केट सांभाळा. प्लग चारही काढा म्हणजे इंजिन हँडलने हलकं फिरतं. सेट करायची पद्धत नवाच्या बेरजेची: पुढून आठ व्हॉल्व्ह मोजा. आठवा पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिला सेट करा, सहावा दाबलेला असेल तेव्हा तिसरा, चौथा असेल तेव्हा पाचवा, सातवा असेल तेव्हा दुसरा. बेरीज नेहमी नऊ. फट साधारण ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिमी. आकडा थंडचा की गरमचा हे तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघून तोच धरा. स्क्रू धरून लॉकनट आवळा आणि आवळल्यावर परत गेज घालून बघा, कारण नट आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो.

हे सगळं नीट करूनही टकटक राहते. का? रॉकरचं जे टोक व्हॉल्व्हवर आपटतं ते लाखो वेळा आपटून खोलगट होतं. रॉकर उचलून उजेडात तिरपा धरा. टोकाच्या मधोमध व्हॉल्व्हच्या दांड्याएवढा चकचकीत खड्डा दिसेल, नख फिरवलंत तर कडेला अडकेल. फिलर गेजची पट्टी सपाट असते. ती खड्ड्याच्या दोन्ही काठांवर टेकते, खड्ड्याच्या तळाशी पोचतच नाही. गेज सांगतो ०.०१५, प्रत्यक्षात फट त्याहून खड्ड्याइतकी जास्त. मिस्त्रीने इमानदारीने सेट केलेलं असतं, तरी वाजतं. मग पुढच्या खेपेला "जरा टाइट करा" असं मालक सांगतो आणि मिस्त्री आवाज जाईपर्यंत फट कमी करत नेतो.

हे करू नका, आणि कुणाला करू देऊ नका. व्हॉल्व्ह पूर्ण बंद होऊन सीटवर टेकतो तेव्हाच आपली उष्णता हेडला देतो. फट अति कमी झाली की गरम इंजिनमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थोडा उघडाच राहतो, त्याच्या कडेतून जळता वायू निसटतो आणि कड जळून जाते. कॉम्प्रेशन गेलं, पिकअप गेला, हेड उघडणं आलं. चांगल्या स्थितीतल्या या इंजिनलाही शिलाई मशीनसारखी हलकी टिकटिक असतेच. ती आजाराची नाही, तब्येतीची खूण आहे. पूर्ण गप्प असलेला टॅपेट मला जास्त काळजीत टाकतो.

खड्डा मोजण्याचा मार्ग आहे. सपाट पट्टीच्या जागी व्हॉल्व्हच्या टोकाहून अरुंद गेज वापरायचा, किंवा रॉकरवर डायल इंडिकेटर बसवून प्रत्यक्ष हालचाल मोजायची. कायमचा उपाय मात्र एकच: रॉकरची टोकं घासून आकारात आणणं किंवा रॉकर बदलणं. टोकं घासायची तर वक्रता कायम राखून, आणि वरचा कडक थर पूर्ण जाऊ न देता. चांगला ग्राइंडर असलेला लेथवालाच ते करतो. कानशीने घरी घासलेले रॉकर सहा महिन्यांत परत तिथेच येतात.

दुसरं कारण रॉकर शाफ्ट. रॉकरला हाताने धरून वर-खाली हलवा. बाजूला सरकतो ते ठीक आहे, तिथे स्प्रिंग आहेत. पण वर-खाली खेळ लागला तर बुश आणि शाफ्ट झिजलेत. शाफ्ट वरून बघून "चकाचक आहे" म्हणणारे फसतात. पुशरॉड एका टोकाला वर ढकलतो, व्हॉल्व्हची स्प्रिंग दुसऱ्या टोकाला, त्यामुळे रॉकरचा सगळा दाब शाफ्टच्या खालच्या अंगावर येतो. झीज तिथेच होते आणि शाफ्ट बाहेर काढल्याशिवाय ती दिसत नाही. शाफ्ट काढून खालून बोट फिरवलंत की पायरी लागते.

तिसरं कारण, पहिल्या दोन्हींचा जन्मदाता: ऑइल वर पोचत नाही. कव्हर काढून इंजिन आयडलला चालवा. एक-दोन मिनिटांत प्रत्येक रॉकरच्या बुशमधून ऑइल झिरपताना दिसलं पाहिजे. आठांपैकी दोन-तीन कोरडे असतील तर पोकळ शाफ्टमध्ये काळा गाळ साचलाय. नवे रॉकर, नवा शाफ्ट घालाल, पण वाट तुंबलेलीच असेल तर तेही झिजतील. शाफ्टच्या टोकाचा प्लग काढून आतून तारेने आणि रॉकेलने साफ करा, हवेच्या प्रेशरने प्रत्येक भोक फुंका. हेडमधून शाफ्टला येणारी वाटही मोकळी आहे का बघा.

आता एक इशारा, जो दिला जात नाही म्हणून माझा जीव तुटतो. रॉकर शाफ्टच्या पेडेस्टलचे काही नट हे हेडचेच नट आहेत. शाफ्ट काढायला ते सोडले की हेड एका बाजूने सैल होतं, आणि आतलं पाणी गॅस्केटपर्यंत पोचतं. म्हणून आधी पाणी काढा. हेडचे सगळे नट मॅन्युअलमधल्या क्रमाने थोडे थोडे ढिले करा, आणि परत बसवताना टॉर्क पान्याने त्याच क्रमाने आवळा. "नुसता रॉकर शाफ्ट काढलाय" म्हणून चार नट सोडून परत आवळले आणि आठवड्यात हेड गॅस्केट उडाली, हे इतकं नेहमीचं आहे की टॉर्क पाना नसेल तर हे काम तुम्ही करूच नका. गॅरेजला द्या, आणि तिथेही टॉर्क पाना आहे ना हे बघा.

गेल्या पावसाळ्यात सांगलीकडचा एक मालक गाडी घेऊन आला होता. "दादा, वर्षात तीनदा टॅपेट मारले, आता नवीन इंजिनच बसवू का?" कव्हर काढून आयडलला ठेवलं तर पुढचे चार रॉकर ओले, मागचे चार कोरडेठाक. शाफ्टच्या मागच्या अर्ध्या भागात गाळ बसला होता, बोटाने उकरून निघावा इतका घट्ट. शाफ्ट आणि चार बुश बदलले, चार रॉकरची टोकं घासून घेतली, टॅपेट मॅन्युअलप्रमाणे ठेवले. त्या टकटकीसाठी गाडी परत आलेली नाही.

वर सगळं ठीक आणि तरीही एकाच व्हॉल्व्हवर टकटक असेल तर तो पुशरॉड काढून काचेवर लोळवा. वाकडा असेल तर लगेच कळतो. त्याच्याही खाली फॉलोअर, म्हणजे खरा टॅपेट. या इंजिनात ब्लॉकच्या बाजूला झाकणं आहेत, त्यातून हेड न काढता फॉलोअर बाहेर येतो, फक्त आधी मॅनिफोल्ड बाजूला करावा लागतो. त्याच्या तळाला खड्डे पडलेले किंवा पापुद्रे निघालेले दिसले तर कॅमशाफ्टचा लोबही (फॉलोअरला उचलणारा उंचवटा) गेलेला धरा. घासलेल्या कॅमवर नवा फॉलोअर टिकत नाही. हे काम मिस्त्रीचं.

सातवी: इग्निशन टायमिंग

चढावरच्या कडकड आवाजासाठी इंजिन उघडायचं कारण नाही. पॉइंटची फट, मग टायमिंग, मग डिस्ट्रिब्युटरमधल्या वजनांच्या स्प्रिंग बघा. एखादी तुटली की टायमिंग खालच्या फेऱ्यांनाच पुढे पळतं. टायमिंग बरोबर असूनही कडकड असेल तर मिक्स्चर लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) आहे का बघा, कार्ब्युरेटरच्या बुडाशी हवा शिरत असेल तरी असं होतं. दुर्लक्ष मात्र करू नका, पिस्टनला याने भोक पडतं.

इथे मिस्त्रीकडे जायचं

टायमिंग चेनची खडखड पक्की झाली तर रेडिएटर, क्रँक पुली आणि पुढचं कव्हर काढावं लागतं. चेन, टेन्शनर आणि झिजलेले दातवाले गिअर एकत्र बदला, नुसती चेन बदलून आवाज परत येतो. हौसेने काम करणाऱ्याला हे जमू शकतं, पण खुणा चुकल्या तर टायमिंगचा पूर्ण गोंधळ होतो.

खालच्या बेअरिंगांचा संशय असेल तर घरी एवढंच करा: ऑइल प्रेशरच्या जागी खरा काट्याचा गेज लावून मोजा. गरम इंजिनवर, रस्त्याच्या वेगाला ५० पौंडांच्या (पीएसआय) आसपास प्रेशर असेल आणि आयडलला १५ च्या खाली जात नसेल तर घाबरण्याचं कारण नाही. दोन्ही ठिकाणी खूप कमी असेल तर गाडी उभी करा. डॅशबोर्डवरच्या दिव्यावर भरवसा ठेवू नका, तो अगदी शेवटच्या टप्प्याला पेटतो. आयडलला तो लुकलुकत असेल आणि सोबत ठकठक असेल, तर पुढचा एक किलोमीटरही नाही.

थंडीतली पोकळ खटखट, जी गरम झाल्यावर जाते आणि गाडी ऑइल खात नाही, ती घेऊन ही गाडी वर्षानुवर्षं चालू शकते. तेवढ्यासाठी बोअर करून घेऊ नका. खात्री करायची तर प्लगच्या भोकातून त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा, इंजिन हँडलने दोन-चार फेऱ्या फिरवा, प्लग लावून चालू करा. खटखट थोडा वेळ मंदावली तर पिस्टनच.

इंजिन बांधायचीच वेळ आली तर मिस्त्रीला कागद दाखवून बोला: लक्षणं, कुठला सिलिंडर तोडल्यावर काय झालं, प्रेशरचे आकडे. क्रँक मायक्रोमीटरने मोजून आकडे लिहून मागा, प्रत्येक जर्नलचे वेगळे. क्रँकच्या आतल्या ऑइलच्या वाटा साफ करायला सांगा, ऑइल पंप तपासून किंवा बदलून घ्या, आणि जुने शेल परत मागून स्वतः बघा. बांधलेलं इंजिन ८०० किलोमीटर चाललं की ऑइल बदला, हेडचे नट परत टॉर्कला आवळून घ्या, आणि त्यानंतरच टॅपेट सेट करा, कारण हेड आवळलं की फट बदलते.